धडा बारावा : खेळाडूचा गुरुजी कसा झाला

वाचकहो, शेतकरी साठी उलटली तरी नांगर धरतो. सुतार सत्तरीतही रंधा मारतो. शिंप्याचे डोळे चालतात तोवर त्याची मशीन चालते. पण खेळ हाच ज्याचा धंदा, त्याचे तसे नसते. तिशी ओलांडली की त्याचा दम उतरू लागतो. पस्तिशीला तो बहुधा घरी बसतो. त्यातून एखाद्याचा पाय मोडला, सांधा दुखावला, तर त्याआधीच सारे संपते. पुढे आयुष्याची तीस-चाळीस वर्षे उरलेली असतात. पोट असते. बायकोमुले असतात. मग अशा माणसाने करायचे काय?

या धड्यात अशाच एका खेळाडूची हकिकत सांगितली आहे. तो इंग्लंड देशातला. त्याचे नाव ग्रॅहॅम टेलर. खेळाडू म्हणून तो कधीच नामांकित नव्हता. देशाच्या मोठ्या संघात त्याला एकदाही जागा मिळाली नाही. पण खेळता खेळता तो शिकवायला शिकला. म्हणून त्याचे नाव राहिले.

१. खेळाचे चार वर्ग

फुटबॉलचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. एका बाजूला अकरा, दुसऱ्या बाजूला अकरा. चेंडू पायाने मारायचा, आणि समोरच्या दोन खांबांमधून पार करायचा. तो पार झाला की एक गोल झाला.

इंग्लंडात हा खेळ म्हणजे मोठा धंदाच आहे. जवळजवळ प्रत्येक शहराचा आपला एक क्लब असतो. क्लब खेळाडूंना पगार देतो, आणि लोक तिकीट काढून सामना बघतात. या कथेच्या काळी तिथे अशा ९२ क्लबांचे चार वर्ग होते. शाळेत वर्ग असतात ना, तसेच. फरक इतकाच की इथे पहिला वर्ग सर्वांत वरचा आणि चौथा सर्वांत खालचा. वर्षभर सामने चालत. सामना जिंकला की २ गुण मिळत, बरोबरी झाली की १. वर्षाच्या शेवटी ज्यांचे गुण जास्त, ते वरच्या वर्गात चढत. ज्यांचे गुण कमी, ते खाली उतरत.

चौथ्या वर्गात जे चार क्लब तळाला राहत, त्यांची स्थिती फार बिकट असे. आम्हाला आणखी एक वर्ष राहू द्या, अशी विनंती त्यांना इतर क्लबांकडे करावी लागे. मग मते घेतली जात. मते मिळाली तर राहायचे, नाहीतर बाहेर. ही रीत १९८६ पर्यंत चालू होती.

खालच्या वर्गातल्या खेळाडूचे जिणे साधे असे. १९६१ पर्यंत तर इंग्लंडात कोणत्याही खेळाडूला आठवड्याला २० पौंडांपेक्षा जास्त पगार देता येत नसे. तसा नियमच होता. तो नियम गेला, आणि वरच्या वर्गातल्या नामांकितांचे पगार वाढले. पण लहान क्लबाची तिजोरी लहानच राहिली. तिथल्या खेळाडूला पुढची बेगमी करून ठेवणे सोपे नव्हते.

२. ग्रिम्सबीचा बचावपटू

ग्रॅहॅमचा जन्म १५ सप्टेंबर १९४४ रोजी झाला. तो वाढला स्कनथॉर्प या गावात. हे गाव पोलादाच्या कारखान्यांचे. त्याचे वडील तिथल्या वर्तमानपत्रात खेळांच्या बातम्या लिहीत. म्हणजे घरात खेळाची चर्चा रोजचीच. पोरगा अभ्यासातही हुशार होता. त्याला चांगल्या शाळेत प्रवेश मिळाला होता. पण त्याचे मन मैदानात. शाळेचा शेवटचा अभ्यासक्रम अर्धाच टाकून तो फुटबॉलकडे वळला.

१९६२ मध्ये त्याला ग्रिम्सबी टाऊन या क्लबाने घेतले. ग्रिम्सबी हे समुद्रकाठचे बंदर, मासेमारीसाठी नावाजलेले. ग्रॅहॅम तिथे बचावाला खेळे. बचावपटू म्हणजे आपल्या गोलाकडे येणारा शत्रू अडवणारा गडी. टाळ्या पडतात त्या गोल मारणाऱ्याला. अडवणाऱ्याला कोण विचारतो? पण मागे उभ्या असलेल्या या गड्याला एक लाभ असतो. सारे मैदान त्याच्या डोळ्यांपुढे पसरलेले असते. कोण कुठे धावतो, कुठे जागा मोकळी पडते, कोणाची चूक होते, हे त्याला दिसते.

ग्रिम्सबीकडून तो १८९ सामने खेळला. पुढे १९६८ मध्ये तो लिंकन सिटी या चौथ्या वर्गातल्या क्लबाकडे गेला. तिथे १५० सामने खेळला आणि संघाचा कप्तानही झाला. या सगळ्या ३३९ सामन्यांत त्याने मारलेले गोल किती? फक्त तीन.

३. खेळता खेळता अभ्यास

इथे एक गोष्ट नीट समजून घेऊ. एखादे काम येणे वेगळे, आणि ते दुसऱ्याला शिकवता येणे वेगळे. पट्टीचा पोहणारा असतो. त्याला विचारा, बाबा, तू पाण्यावर कसा तरंगतोस? तो म्हणतो, "उडी मारा, आपोआप येईल." याने शिकणारा बुडायचा! शिकवणाऱ्याला कामाचे तुकडे करता आले पाहिजेत. आधी काय, मग काय, चूक कुठे झाली, ती का झाली, हे सांगता आले पाहिजे. आपल्याकडच्या तालमीतला वस्ताद हेच करतो. त्याची स्वतःची कुस्ती सुटलेली असते. पण पोराचा पाय कुठे चुकला हे तो बरोबर ओळखतो.

इंग्लंडात पुष्कळ काळ असा समज होता की फुटबॉल शिकवायचा नसतो, तो अंगातच असावा लागतो. दुसरे महायुद्ध संपल्यावर हा समज मोडायचे काम सुरू झाले. १९४६ मध्ये तिथल्या फुटबॉल असोसिएशनने प्रशिक्षणासाठी एक मुख्य अधिकारी नेमला. त्यांचे नाव वॉल्टर विंटरबॉटम. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर. मँचेस्टर युनायटेडकडून ते थोडे खेळले होते. पण पाठीच्या कण्याच्या दुखण्याने त्यांचा खेळ सुटला. मग त्यांनी शिकवणाऱ्यांना शिकवण्याची व्यवस्था उभी केली. वर्ग भरू लागले. परीक्षा होऊ लागल्या. उमेदवाराने खेळाडूंसमोर उभे राहून प्रत्यक्ष धडा द्यायचा, आणि परीक्षकांनी तो तपासायचा. जो उतरेल त्याला प्रमाणपत्र. अशा शिक्षकाला तिकडे कोच म्हणतात.

ग्रॅहॅम टेलर खेळत असतानाच या वर्गांना जाऊ लागला. तेव्हा त्याचे पाय ठणठणीत होते. कोणी त्याला जा म्हणून सांगितले नव्हते. पण त्याने ओळखले होते की हे पाय जन्मभर पुरायचे नाहीत. वयाच्या २७ व्या वर्षी त्याने वरची परीक्षा पार केली. इतक्या लहान वयात ती पदवी तोवर कोणाला मिळाली नव्हती.

मंडळी, ही तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. कारण पुढे काय झाले ते पाहा.

४. पाय थांबले

१९७२ मध्ये ग्रॅहॅमच्या खुब्याच्या सांध्याला इजा झाली. खुबा म्हणजे मांडी जिथे कमरेला जोडलेली असते तो सांधा. धावणे बंद म्हणजे खेळ बंद. घरी बायको आणि दोन मुली. वय अवघे २८.

पण त्याच्या हातात प्रमाणपत्र होते, आणि डोक्यात विद्या. लिंकनमध्ये तो आधीपासून पोरांना शिकवू लागलाच होता. त्याच वर्षी डिसेंबरात क्लबाची मॅनेजरची जागा रिकामी झाली. इंग्लंडात मॅनेजर म्हणजे संघ निवडणारा, खेळाची आखणी करणारा आणि जबाबदारी घेणारा माणूस. क्लबाने ती जागा टेलरला दिली.

आता आपणही त्यांना टेलर म्हणू, आणि 'ते' म्हणू. कारण ते आता गुरुजी झाले होते.

हे काम म्हणावे तितके सोपे नव्हते. काल ज्यांच्याबरोबर खांद्याला खांदा लावून खेळलो, थट्टामस्करी केली, त्यांनाच आज हुकूम द्यायचा. मित्राला सांगायचे, "बाबा, उद्या तुला संघात जागा नाही." काहीजण तर त्यांच्यापेक्षा वयाने मोठे. त्यातून सुरुवातीला विजय मिळेनात. सामन्यामागून सामने गेले. लोक कुरकुरू लागले. टेलर डगमगले नाहीत. रोजचा सराव त्यांनी चालू ठेवला.

त्यांची रीत साधी होती. चेंडू उगाच मागे घोळवत बसायचे नाही. झटपट पुढे न्यायचा. चेंडू शत्रूकडे गेला की सर्वांनी मिळून त्याच्या पाठी लागायचे, उसंत द्यायची नाही. यासाठी दम लागतो, आणि एकजूट लागते. पोरांकडे फार कसब नसले तरी या दोन गोष्टी शिकवता येतात.

आणखी एक गोष्ट त्यांनी केली. लिंकन हे कारखान्यांचे शहर. टेलर आपल्या खेळाडूंना कारखान्यांत घेऊन गेले. तिथले कामगार यंत्रापाशी उभे राहून कसे राबतात, हे त्यांना दाखवले. शनिवारी याच माणसांनी घामाचे पैसे मोजून तिकीट काढलेले असते. हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, तो मैदानात अंग चोरणार नाही.

१९७५-७६ च्या हंगामात लिंकन चौथ्या वर्गात पहिला आला. ४६ सामन्यांपैकी ३२ जिंकले, १० बरोबरीत सुटले, हरले फक्त ४. गोल केले १११. गुण झाले ७४. जिंकल्यास २ गुण या जुन्या हिशोबाने इंग्लंडच्या चारही वर्गांत इतके गुण दुसऱ्या कोणाला कधी मिळाले नाहीत. तो हिशोब १९८१ मध्ये बदलला, आणि विजयाला ३ गुण मिळू लागले.

५. पाच वर्षांत चौथीतून पहिलीत

लंडनजवळ वॅटफर्ड नावाचे शहर आहे. तिथला क्लबही चौथ्या वर्गात होता. त्याचे अध्यक्ष होते एल्टन जॉन, जगप्रसिद्ध गायक. त्यांनी १९७७ मध्ये टेलर यांना बोलावून घेतले. अध्यक्षांची इच्छा मोठी होती. आपला क्लब युरोपातल्या क्लबांशी खेळावा असे त्यांना वाटे. लोक हसले असतील. पण टेलर यांनी कामाला हात घातला.

मदतीला त्यांनी बर्टी मी या अनुभवी गृहस्थांना घेतले. त्यांची कथाही अशीच आहे. तेही खालच्या क्लबांतले खेळाडू. दुखापतीने खेळ सुटला, तेव्हा त्यांनी अंग चोळण्याची व सांध्यांवर उपचार करण्याची विद्या शिकून घेतली. त्याच कामावर ते आर्सेनल या मोठ्या क्लबात लागले, आणि पुढे त्याच क्लबाचे मॅनेजर झाले. १९७१ मध्ये त्यांच्या हाताखाली आर्सेनलने इंग्लंडची दोन्ही मोठी बक्षिसे एका वर्षात जिंकली होती. इतका मोठा माणूस आता स्वतःहून लहान अशा टेलर यांच्या मदतीला आला. दोघांनाही त्यात कमीपणा वाटला नाही.

वॅटफर्ड १९७८ मध्ये तिसऱ्या वर्गात चढला. १९७९ मध्ये दुसऱ्या. १९८२ मध्ये पहिल्या वर्गात. तिथे तो क्लब पूर्वी कधीच पोचला नव्हता. आणि त्या पहिल्याच वर्षी, १९८२-८३ मध्ये, तो देशात दुसरा आला. पुढे लिव्हरपूल, तेवढाच. पुढच्या वर्षी युरोपातले सामनेही खेळायला मिळाले. अध्यक्षांची इच्छा पुरी झाली. १९८४ मध्ये इंग्लंडच्या मोठ्या चषकाच्या अंतिम सामन्यात वॅटफर्ड खेळला. तो सामना मात्र एव्हर्टनने २-० असा जिंकला.

टेलर यांनी या क्लबात शिस्तही आणली आणि माणुसकीही. खेळाडूंनी शहरात मिसळावे, शाळांत जावे, हे त्यांच्या करारातच लिहिलेले असे. बायका-मुलांना निर्धास्त बसता यावे म्हणून मैदानात कुटुंबांसाठी वेगळी जागा केली. त्या दिवसांत इंग्लंडच्या मैदानांवर दंगे होत. म्हणून या गोष्टीचे महत्त्व जास्त.

एल्टन जॉन यांना तेव्हा दारूचे व्यसन होते. ते क्लबाचे मालक. पगार देणारे. पण टेलर यांनी तोंडावर बोलून दाखवायला कमी केले नाही. एके दिवशी त्यांनी ब्रँडीचा भरलेला मोठा पेला त्यांच्यापुढे ठेवला, आणि हेच करायचे आहे का तुम्हाला, असे खडसावले. ही हकिकत एल्टन जॉन यांनी स्वतःच जगाला सांगितली आहे. खरा शिक्षक मालकालाही शिकवतो, तो असा.

६. वर चढले, आणि पडले

१९८७ मध्ये टेलर ॲस्टन व्हिला या क्लबाकडे गेले. दुसऱ्या वर्गात घसरलेला तो क्लब त्यांनी एका वर्षात वर आणला. १९९० मध्ये तो देशात दुसरा आला. त्याच वर्षी टेलर यांना इंग्लंड देशाच्या संघाचे मॅनेजर नेमले. ज्याला या संघात खेळायला कधी मिळाले नाही, तो आता हा संघ निवडणार होता.

पण इथे यश आले नाही. १९९२ च्या युरोपच्या स्पर्धेत इंग्लंड स्वीडनकडून २-१ असे हरले आणि बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी लंडनच्या एका वर्तमानपत्राने त्यांची क्रूर थट्टा केली. सलगम नावाचे कंद असते, त्यावर त्यांचा चेहरा काढून छापला. पुढच्या वर्षी, १९९३ च्या ऑक्टोबरात, नेदरलँड्सने इंग्लंडला २-० हरवले. १९९४ च्या विश्वचषकाला इंग्लंडला जाता आले नाही. नोव्हेंबर १९९३ मध्ये टेलर यांनी राजीनामा दिला.

त्या दिवसांवर एक माहितीपट निघाला. त्यात त्यांची चिडचिड, हताशा सारे दिसले, आणि लोक पुन्हा हसले. पण त्याच माहितीपटात आणखी एक प्रसंग आहे. एक प्रेक्षक जॉन बार्न्स या काळ्या खेळाडूला रंगावरून शिव्या देत होता. सामना चालू होता, नोकरी टांगलेली होती. तरी टेलर मागे वळले आणि त्या माणसाला त्यांनी चांगले सुनावले. बार्न्स हा वॅटफर्डमध्ये त्यांच्याच हाताखाली घडलेला. गुरू संकटात असतो तेव्हाही शिष्याचा कैवार सोडत नाही.

७. पुन्हा पहिला धडा

इतका अपमान झाल्यावर एखादा घरात तोंड लपवून बसला असता. टेलर यांनी दुसऱ्या एका क्लबात काम केले, तिथेही नीट जमले नाही. मग ते वॅटफर्डला परतले. क्लब तोवर पुन्हा वरून तिसऱ्या वर्गात घसरला होता. १९९७ मध्ये त्यांनी संघ हातात घेतला. १९९८ मध्ये एक वर्ग वर, १९९९ मध्ये आणखी एक. वॅटफर्ड पुन्हा देशाच्या सर्वांत वरच्या वर्गात गेला. तो वर्ग एका वर्षातच सुटला, हेही सांगितले पाहिजे. पण लोकांनी त्यासाठी त्यांना बोल लावला नाही.

१२ जानेवारी २०१७ रोजी ते वारले. वय ७२. वॅटफर्डच्या मैदानात प्रेक्षकांच्या एका सज्जाला त्यांचे नाव दिलेले आहे. मैदानाबाहेर त्यांचा पुतळा आहे. तीन गोल मारणाऱ्याचा पुतळा कोण उभारतो? हा पुतळा शिकवणाऱ्याचा आहे.

८. आपण काय घ्यावे

वाचकहो, आपल्यातले बहुतेकजण अंगमेहनतीवर जगतात. आज पाठ वाकते, हात उचलतात. उद्याची खात्री कोणी द्यावी? टेलर यांनी पाय धड असताना पुस्तक उघडले. दुखापत झाल्यावर उघडले असते, तर तोवर जागा दुसऱ्याने भरली असती. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपल्याकडे म्हणतात ते यासाठीच.

दुसरे असे की, जे काम तुम्ही वीस वर्षे केले, त्याचे ज्ञान तुमच्यापाशी आहे. गवंड्याला भिंत कळते, सुईणीला बाळंतपण कळते. ते शब्दांत मांडता आले, लिहिता आले, तर दुसऱ्याला देता येते. नाहीतर ते आपल्याबरोबर जाते. अक्षर शिकायचे ते केवळ सहीपुरते नाही.

तिसरे, आपले नाव मोठे नव्हते म्हणून कोणी मागे राहू नये. वर्गात शेवटच्या बाकावर बसणाराही पुढे उत्तम शिक्षक होतो. कारण कुठे अडते हे त्याला ठाऊक असते.

अभ्यास

हे शब्द मोठ्याने वाचा आणि वहीत लिहा : धंदेवाईक, बेगमी, बचावपटू, प्रमाणपत्र, खुबा, एकजूट, राजीनामा, कैवार.

प्रश्नांची उत्तरे सांगा :
१. चौथ्या वर्गात तळाला राहिलेल्या क्लबांना काय करावे लागे?
२. टेलर यांनी कोचची परीक्षा दुखापतीच्या आधी दिली की नंतर? त्याने काय फरक पडला?
३. टेलर यांनी खेळाडूंना कारखान्यांत का नेले?
४. मालकाला त्याची चूक सांगावी की नाही? तुमचे मत दोन वाक्यांत लिहा.

हिशोब करा :
लिंकनने ३२ सामने जिंकले आणि १० बरोबरीत सोडवले. विजयाला २ आणि बरोबरीला १ गुण. एकूण गुण किती? विजयाला ३ गुण धरले, तर किती?

घरी करा :
तुम्हाला चांगले येते असे एक काम निवडा. ते नवख्याला शिकवायचे झाल्यास आधी काय, मग काय सांगाल, ते पाच ओळींत लिहा. पुढच्या वेळी वर्गात वाचून दाखवा.